वाढीव वॉरंटीचं रसग्रहण

मराठीत समीक्षेचे प्रकार कमी नाहीत. कवितेची होते, नाटकाची होते, न वाचलेल्या कादंबरीची तर फारच सुरेख होते. पण वॉरंटीच्या पुस्तिकेचं परीक्षण कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. परीक्षण करायचं तर पुस्तक निदान चाळावं लागतं, आणि वॉरंटीची पुस्तिका चाळण्याची आपल्याकडे रीत नाही. ती फ्रीजच्या डोक्यावर, जुन्या लग्नपत्रिका आणि लाइटची बिलं यांच्या सोबतीला ठेवून द्यायची असते. वस्तू बिघडली की घरभर शोधायची, आणि ती सापडते त्या दिवशी मुदत संपून आठ दिवस झालेले असतात. अशा दुर्लक्षित वाङ्मयाकडे कुणीतरी वळायला हवं होतं. मंचरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे आणि सध्या रिकामा असल्यामुळे मी वळलो.

पुस्तक परीक्षणार्थ आलं ते दाजींकडून. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या अक्काचे यजमान. नारायणगावला एस.टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षं पाने-स्क्रूड्रायव्हर चालवून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशांत लोक शेताला तार घालतात, नाहीतर मुलाच्या नावानं पुण्यात फ्लॅट घेतात. दाजींनी चाकं असलेलं घर घेतलं. नवी कोरी व्हॅन एका कंपनीची, आणि तिच्यात घर बसवून देणारा कारखानदार दुसरा. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, बेसिन, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी आणि कमोडचा संडास. सरकारी भाषेत याला कॅरव्हॅन म्हणतात. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर झाला, २०२१ साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही काढलं. तेव्हा दाजींचं करणं अगदी धोरणाला धरून होतं. गावाला मात्र धोरण ठाऊक नव्हतं. गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या म्हातारबुवांनी विचारलं, "काय हो, फड काढला की काय?"

प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण नारायणगावात तो शहाणपणाचा आहे. गाडीत संसार मांडून हिंडणारी माणसं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेलं आहे. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात ते उन्हाळा अर्धा सरेपर्यंत या जत्रेतून त्या जत्रेत. ट्रकमध्ये तंबू, पेट्या, स्टोव्ह, पोरंबाळं सगळं असतं. घाटात ट्रक बंद पडला तर रात्रीचा खेळ बुडतो, म्हणून ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही अर्धे मेस्त्री असतात. तीच त्यांची वॉरंटी.

दाजींनी गाडी घेतली ती हौसेनं, असं लोक समजतात. खरं कारण अक्काचे गुडघे. अक्काला मांडी घालून बसता येत नाही, आणि प्रवासात कुठल्याही उकिडव्या संडासात जाता येत नाही. या एका कारणानं ती सहा वर्षं कुठल्या लग्नाला गेली नाही. रेल्वेत वरच्या बर्थचं नाव काढलं तरी तिला घाम फुटतो. दाजींनी तिला ती सून म्हणून आली तेव्हा काशी-रामेश्वर दाखवायचं कबूल केलं होतं. त्या वचनाला मुदत घातलेली नव्हती, किलोमीटरही घातलेले नव्हते, त्यामुळे अक्काच्या मते ते अजून चालू होतं. थोडक्यात, दाजींनी घेतला तो कमोड. त्याच्याभोवती बाकीची गाडी आपोआप आली.

मग गाडी विकणाऱ्या मुलानं वाढीव वॉरंटीचा विषय काढला. मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. आणखी ६२,००० रुपये भरले की पाच वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर. वर अठरा टक्के कर ११,१६०. एकूण ७३,१६०. "अंकल, पाच वर्षं एकदम टेन्शन-फ्री!" असं तो मुलगा म्हणाला. दाजींनी एवढंच केलं, पुस्तिका माझ्यापुढं ठेवली. "मास्तर, तुम्ही एवढी जाडजाड पुस्तकं वाचता. हे चोवीस पानांचं आहे. वाचा आणि घ्यावं की नाही ते सांगा."

तर आता परीक्षण.

मुखपृष्ठ आकर्षक आहे. एक हसरं कुटुंब डोंगरापाशी गाडी थांबवून उभं आहे. गाडी थांबलेली आहे की बंद पडलेली, हे चित्रकारानं वाचकाच्या कल्पनेवर सोडलंय. लेखकाचं नाव नाही. हे एक अपौरुषेय वाङ्मय आहे. फरक इतकाच की वेदात कलमं नसतात. भाषा इंग्रजी, आणि तीही अशी की वाक्य सुरू झालं तेव्हा कर्ता कोण होता हे क्रियापद येईपर्यंत लक्षात राहत नाही.

शीर्षकापासूनच वाद आहे. आपण मराठी माणसं 'गॅरंटी-वॉरंटी' असा जोडशब्द वापरतो, 'चहापाणी' म्हणावं तसा. पण वॉरंटी म्हणजे वस्तूच्या किमतीतच मिळालेलं वचन. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. वेगळे पैसे घेऊन जे देतात त्याला वॉरंटी म्हणणं हा अलंकार झाला. अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला, त्यानं या दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या : किमतीतली ती वॉरंटी, पैसे देऊन घेतलेला तो सेवेचा करार. तिकडं लोक अशी घरं-गाड्या घेऊन महिनोन् महिने हिंडतात, त्यामुळे त्यांना हा भेद करावाच लागला असेल. इथं मात्र सेवेचा करार वॉरंटीचं नाव लावून हिंडतो, आणि आपण त्याला जावयासारखा पाटावर बसवतो.

रचनेविषयी सांगायचं तर ही कृती दोन अंकी आहे. पहिला अंक : आम्ही काय काय देऊ. दुसरा : त्यातलं काय काय देणार नाही. पहिला अंक अडीच पानांचा, दुसरा अकरा पानांचा. उरलेली पानं व्याख्या, अटी आणि शिक्क्यासाठी रिकाम्या जागा. माझ्या मते लेखकाची खरी प्रतिभा दुसऱ्या अंकात आहे. पहिल्या अंकात तो नाइलाजानं लिहितो असं जाणवतं. इंजिनाच्या आतले भाग, गिअरबॉक्सच्या आतले भाग, अशी कोरडी यादी. दुसऱ्यात मात्र लेखणी मोकळी सुटते. क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाही, टायर नाही, बॅटरी नाही, रबरी होज नाही, वायपरचं पातं नाही, बल्ब नाही, फ्यूज नाही. भेसळीच्या डिझेलनं झालेलं नाही, पाणी शिरून झालेलं नाही, गंजून झालेलं नाही, उंदरांनी वायरी कुरतडून झालेलं तर नाहीच नाही. उंदरांपर्यंत पोचलेला लेखक बारीक निरीक्षणाचा असणार. आमच्याकडे उसाच्या फडाशेजारी गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखाली उंदरांचं घरकुल तयार होतं, हे त्याला पुण्या-मुंबईत बसून कळलं याचं कौतुक वाटतं. बिबट्याचा उल्लेख मात्र कुठंही नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र असलेल्या तालुक्यात ही त्रुटी ठळक दिसते. पुढच्या आवृत्तीत दूर व्हावी.

या सगळ्याचा अर्क एका शब्दप्रयोगात आहे : नेहमीची झीज. झिजून गेलं ते आमचं नाही. मुळात सदोष होतं ते आमचं. आता एखादा भाग झिजून गेला की सदोष म्हणून गेला, हे ठरवणार कोण? पान सतरा म्हणतं, कंपनीचा तंत्रज्ञ. म्हणजे परीक्षेचा पेपर काढणारा, तपासणारा आणि फी घेणारा एकच. हे दाजींना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अक्काच्या गुडघ्याला डॉक्टर हेच म्हणाले. झीज आहे, वयाची. निदान त्यांनी आधी ७३ हजार घेतले नव्हते."

शैलीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे 'यापैकी जे आधी घडेल ते'. पाच वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर, यापैकी जे आधी घडेल ते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, सर्व्हिसिंग यापैकी जे आधी घडेल तेव्हा. उभ्या पुस्तिकेत 'जे नंतर घडेल ते' असं एकदाही येत नाही. आता दाजींचा हिशेब बघा. वर्षातून दोन मोठे प्रवास आणि चार-सहा लहान, मिळून सहा हजार किलोमीटर. पाच वर्षांत तीस हजार. "आमची लांब पल्ल्याची गाडी एवढं चार महिन्यांत तोडायची," दाजी म्हणाले. म्हणजे ते दोन लाख किलोमीटर नुसतेच शोभेचे आहेत. जेवणाच्या ताटात मोठी वाटी ठेवावी आणि वाढणाऱ्यानं पळी लहान आणावी, तसं.

आणि इथं या विषयाचं मर्म आहे, ते मला दाजींनी शिकवलं. पुस्तिकेत ते कुठं नाही. रोज धावणारी गाडी धावून बिघडते. घर-गाडी वर्षातले दहा महिने उभी असते, ती उभी राहून बिघडते. बॅटरी उतरते. रबर कडक होतं. टायर वयानं चिरतो, नक्षी शाबूत असूनही. छताच्या सांध्यातून पाऊस आत येतो. आणि पाऊस म्हणजे माळशेजचा, भीमाशंकरचा, नुसता शिडकावा नव्हे. टाकीतलं पाणी शेवाळतं, पंप धरतो. उंदीर येतात. आता ही यादी घ्या आणि दुसऱ्या अंकाशेजारी ठेवा. जणू एकानं दुसऱ्याची वही बघून लिहिलीय! घर-गाडीला जे जे होतं ते ते वगळलेलं, आणि जे दोन लाख किलोमीटर तोडणाऱ्या टेम्पोला होतं ते सामावलेलं.

त्याहून गमतीचं पुढंच आहे. हा करार व्हॅनच्या कंपनीच्या गाडीचा. आतलं घर दुसऱ्या कारखानदाराचं; त्याची वॉरंटी एक वर्ष. फ्रीजची फ्रीजवाल्याची, इन्व्हर्टरची इन्व्हर्टरवाल्याची, पंपाची तर पंपवाल्यालाही माहीत नसलेली. म्हणजे ७३,१६० रुपयांत इंजिनाचं रक्षण होतं, जे दाजी झोपेत खोलून जोडतील. आणि कमोड, पंप, दाराची बाहेर येणारी पायरी, ज्यांच्यासाठी गाडी घेतली, ज्यातलं एक जरी पिंपळगावच्या पुढं बंद पडलं तर अक्का तिथूनच परत फिरेल, ती तिन्ही उघड्यावर. शिवाय पान नऊवर असंही आहे की मूळ गाडीत बदल केल्यामुळे उद्भवलेला बिघाड धरला जाणार नाही. आत घर बसवणं हा बदल आहे की नाही? मी त्या मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "सर, चेक करून सांगतो."

दाजींचा खरा संताप मात्र निराळ्या कलमावर. अधिकृत वर्कशॉपखेरीज कुणीही गाडी खोलली तर करार रद्द. चौतीस वर्षं एस.टी.ची इंजिनं उघडलेल्या माणसानं स्वतःच्या दारात उभ्या गाडीचं बॉनेट वर करून नुसतं बघत बसायचं, आणि साध्या कामासाठी पुण्याचा रस्ता धरायचा. "म्हणजे मी पैसे भरून माझेच हात बांधून घ्यायचे," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी दोन दिवस पुस्तिकेला हात लावला नाही.

समीक्षकानं तौलनिक दृष्टी ठेवावी म्हणतात. म्हणून याच परिसरातल्या वचन-वाङ्मयाशी ही कृती ताडून बघितली. जुन्नरच्या लेण्यांत सातवाहनकाळातला एक शिलालेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं, एवढाच मजकूर. देणारा कोण, दिलं काय, संपलं. राहायची जागा आणि पाण्याची टाकी. दाजींच्या गाडीत याहून जास्त काय आहे? फक्त चाकं. टाक्याला गळती लागली तर काय, हे कोरलेलं नाही. कातळ खोदणाऱ्यानं तशी वेळ येऊ नये इतपत काम केलं. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत आजही पाणी असतं. नाणेघाटातला नागनिकेचा लेख खूप मोठा, पण तोही यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची यादी आहे. न दिलेल्या गाईंची यादी त्यात नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर तमाशाची सुपारी. पाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात. जत्रेची तारीख, गाव, रक्कम, विसार, कागद एक. त्यात तंटे होत नाहीत असं नाही. पण तंटा झाला तर दोन्ही माणसं पुढच्या वर्षी त्याच राहुटीत समोरासमोर बसायची असतात. वॉरंटीत विकणारा एक, वचन देणारा दुसरा, पैसे मोजणारा कधीकधी तिसराच. भांडायला कुणाच्या दारात जायचं हेच कळत नाही.

एवढं लिहून झाल्यावर न्यायासाठी दुसरी बाजू बघायला हवी. ती आहे. अमेरिकेतले जॉर्ज अकरलॉफ नावाचे अर्थशास्त्रज्ञ; त्यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढं २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. तिकडे आतून खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. त्यांचं म्हणणं ढोबळ मानानं असं की गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा कचरतो, आणि हमी हा त्यावरचा एक उतारा. आपण लिंबू गाडीला टांगतो, तिकडे गाडीच लिंबू निघते, पण भीती तीच. दाजींनीही गाडी आणली त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. पाच रुपयांत. कर नाही.

आणि भीती खोटीही नाही. दाजींनी उघडलेली इंजिनं जुनी, ज्यांना हातोडीची भाषा कळायची. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बी.एस.-सहाच्या. त्यांत संगणक आहे, सेन्सर आहेत, धुराची काजळी अडवणारा फिल्टर आहे. महागडे इंजेक्टर गेले, संगणकाचा डबा गेला, तर दाजींच्या चौतीस वर्षांचा तिथं उपयोग नाही, आणि बिल पन्नास हजारांच्या पुढं सहज जाऊ शकतं. रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या, टोमॅटो घेऊन रात्री वाशीला जाणाऱ्या माणसाला हा करार कदाचित परवडेल. पण त्यानं तो सही करण्याआधी वाचावा, कारण भाड्यानं चालणाऱ्या गाडीचं कलम निराळं असतं. दाजींच्या पुतण्यानं द्राक्षांच्या हंगामात गाडी पर्यटकांना भाड्यानं देण्याची टूम काढली होती; पान अकरावर मोबदला घेऊन वापर केल्यास करार संपतो हे वाचून ती टूमही संपली.

म्हणून मी दाजींना असं सांगितलं. आत्ता घेऊ नका. मूळ वॉरंटी तीन वर्षं चालू आहे आणि या पुस्तिकेप्रमाणं ती संपायच्या आधी केव्हाही वाढीव घेता येते. 'आजच्या आजच' हे त्या मुलाच्या महिनाअखेरीचं दुखणं आहे, तुमचं नाही. तोपर्यंत सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत ठिकाणी, प्रत्येक बिल जपून. ७३,१६० रुपये पोस्टात अक्काच्या नावानं ठेवा. इंजेक्टर गेला तर त्यातून भरा. नाही गेला तर पैसे कुठं जात नाहीत, व्याज मिळतं. वाढीव वॉरंटीत काही बिघडलं नाही तर पैसे परत येत नाहीत, आणि बिघडलं तर येतीलच असं नाही. आणि त्या पैशांतून सगळ्यांत आधी एक जादा पंप घेऊन गाडीत ठेवा. उद्या मूळ वॉरंटीतही कुणी अन्यायानं नाही म्हणालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, १९१५ नंबर आहे. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुणे जिल्ह्यातल्या माणसानं निमूट सोसायचं काही कारण नाही.

दाजी ऐकून घेत होते, पण निर्णय अक्कानं केला. तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "त्यात पंपाचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"पायरीचं?"

"नाही."

"मग ते इंजिनाचं मला कशाला सांगत बसलाय तासभर? ते तर हे आहेतच की घरात."

पैसे पोस्टात गेले. जादा पंप बिछान्याखाली आहे. त्या मुलाचा फोन अजून दर महिन्याच्या शेवटी येतो. दाजी तो अक्काकडे देतात, अक्का त्याला पंपाचं विचारते, आणि तो चेक करून सांगतो म्हणतो.